डब्बा पेंटरचा न काढलेला वाघ

डब्बा पेंटरला कोणी काही सांगायला लागलं, की तो आधी विचारायचा, "किती डब्ब्याचं हाय?"

गावातल्या एकाची बायको भांडून माहेरी निघून गेली. तो रडत पेंटरकडे आला आणि थेट लग्नाच्या मांडवापासून सुरुवात केली. पेंटरने त्याला पंक्ती बसायच्या आतच थांबवलं. "चार डब्ब्यात सांग. पह्यल्यात तू काय केलं, दुसऱ्यात ती काय बोलली, तिसऱ्यात तू काऊन चूप बसला, चवथ्यात एसटी." त्या माणसाने पुष्कळ विचार केला आणि मान खाली घालून म्हणाला, "पह्यला डब्बा सांगता येत नाई जी." पेंटर म्हणाला, "मंग बायको बराबर हाय. जाय, घेऊन ये." तो दुसऱ्याच दिवशी जाऊन तिला घेऊन आला.

पेंटरला खरं नाव होतं, आधार कार्डावर छापलेलंही होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून कोण आलं ते बघायचा. तरुणपणी तो झाडीपट्टीतल्या नाटक मंडळींचे पडदे रंगवायचा. राजवाडा, घनदाट जंगल, तुरुंग, नायिकेचा बगिचा. कापड महाग म्हणून एका बाजूला राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग काढायचा. "फरक एका कापडाचाच राह्यते," असं तो पुढाऱ्यांसमोरही म्हणायचा. मग फ्लेक्स आले आणि पडद्यांचं काम गेलं. फ्लेक्सवर त्याचा राग होता, पण पोटावर पाय आला म्हणून नव्हे. "फ्लेक्सवर सारेच गोरे अन् सारेच हात जोडून. इतके हात जोडनारे असते, तं तालुक्यात भांडनं कोन करते?"

पडदे गेल्यावर तो भिंतींकडे वळला. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या. आणि भिंतीवर तो एकच एक चित्र कधी काढायचा नाही. कॉमिक्ससारख्या चौकटी, म्हणजे त्याच्या भाषेत डब्बे, आखायचा आणि गोष्ट सांगायचा. त्याच्याकडे पत्र्याच्या पेटीत मुखपृष्ठ नसलेल्या जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा होता. मूल या तालुक्याच्या गावी, बाजारात रद्दीवाल्याकडून वेचून आणलेला. बऱ्याच कॉमिक्सची शेवटची पानंही नव्हती. शेवट काय झाला असेल विचारलं, तर प्रत्येक वेळी वेगळा सांगायचा.

माझी आणि त्याची गाठ पडली ती माझ्या तोंडाच्या चुकीने. मी वनरक्षक म्हणून नवीनच लागले होते, पहिली नेमणूक मूल तालुक्यात. एकदा ऑफिसात चहा पिताना मी बोलून गेले, की भद्रावतीला कॉलनीत राहत असताना मी फार कॉमिक्स वाचायचे. साहेबांच्या डोक्यात ते राहिलं. गावातल्या शाळेच्या भिंतीवर वाघापासून सावधगिरीचा संदेश रंगवून घ्यायचा होता. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला चित्रातलं कळतं. करून घ्या." आणि एक टाइप केलेला कागद हातात दिला. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण साहेब अजून नोकरीत आहेत.

पेंटरने तो कागद लांब धरून मोठ्याने वाचला. "वन्यप्राण्यांच्या अधिवासात प्रवेश करताना... हा अधिवास कोन व्हय जी?" मी सांगितलं. त्याने पुढची सगळी कलमं वाचली, एकूण एकवीस होती, आणि समाधानाने मान डोलावली. "साहेबाची आयडिया बरी हाय. हे वाचत उभा राह्यला, तं मानूस जंगलात पोचतच नाई."

मग त्याने मला, म्हणजे आयुष्यभर कॉमिक्स वाचलेल्या बाईला, कॉमिक्स म्हणजे काय ते शिकवलं. आम्ही शेताकडेला उभे होतो. समोर धानाच्या बांध्या होत्या आणि त्यांच्यामधून जाणारे मातीचे धुरे. तो म्हणाला, "डब्बा म्हंजे बांधी. दोन डब्ब्याच्या मधातली पांढरी पट्टी म्हंजे धुरा. बांधीत पेंटर राबते, धुऱ्यावर वाचनारा चालते. सारंच बांधीत दाखवलं, तं वाचनाऱ्यानं पाय कुठी ठेवाचा?" मी हो हो म्हटलं. खरं म्हणजे मला तेव्हा काही कळलं नव्हतं, आणि त्याला ते कळलं होतं.

त्याच्या चुकाही तो असाच फुशारकीने सांगायचा. गडचांदूरला कोणी तरी त्याला दारूबंदीची भिंत रंगवायला बोलावलं होतं. त्याने तीन मोठे डब्बे काढले. पहिल्यात फाटक्या शर्टातला बेवडा नालीत पडलेला आणि बायको कपाळाला हात लावून बसलेली. दुसऱ्यात डॉक्टर बोट वर करून त्याला उपदेश करतोय. तिसऱ्यात तोच माणूस कडक इस्त्रीत, सायकलवर, मागे बायको हसतेय. चित्र उत्तम झालं. घोटाळा इतकाच, की कारखान्याची पाळी सुटल्यावर कामगार यायचे ते भिंतीच्या उजव्या टोकाकडून. त्यांना आधी दिसायचा सुखी संसार, मग डॉक्टर, मग नाली. "आठ दिवसात साऱ्या गावात झालं, चांगला मानूस होता बिचारा, डॉक्टरच्या नादी लागला." त्या दिवसापासून कोणतीही भिंत हातात घेण्याआधी तो तिच्यासमोर बसून लोक कुठून येतात आणि कुठे थांबतात ते पाहायचा.

फुग्याच्या शेपटीचंही तसंच. कॉमिक्समध्ये बोलणं ज्या फुग्यात लिहितात, त्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असावी लागते. एका ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्याने 'मी उघड्यावर बसत नाही' असा फुगा काढला आणि जागा कमी पडल्यामुळे शेपटी सरपंचांऐवजी शेजारच्या शेळीकडे गेली. सरपंचांनी आक्षेप घेतला. पेंटरने शेपटी वळवून सरपंचांच्या तोंडाला लावून दिली. सरपंचांनी पुन्हा आक्षेप घेतला. लोक विचारायला लागले होते, कधीपासून बंद केलं म्हणून. शेवटी शेळीच कायम झाली.

तर आमची भिंत. पेंटर शाळेसमोर तीन दिवस नुसता बसून राहिला. साहेबांचा रोज फोन. मी रोज सांगायचे, काम प्राथमिक अवस्थेत आहे. प्राथमिक अवस्था तंबाखू मळत बसली होती.

भिंतीच्या अगदी समोर सोमाजीचं घर होतं. आदल्या वर्षी मोहाच्या हंगामात त्याची बायको सयाबाई पहाटे फुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला मारलं. शेजारच्या फुलाबाईबरोबर ती रोज जायची, त्या दिवशी एकटी गेली. गावात कुजबूज होती, की फुलाबाई अंथरुणात पडून राहिली आणि तिने हिला एकटीला जाऊ दिलं. फुलाबाई सांगायची, मी निघालेच होते, थांब म्हणून हाकही मारली होती. पण ती हाक ऐकलेलं कोणी नव्हतं, निदान तसं कोणी म्हणत नव्हतं. त्यानंतर फुलाबाई सोमाजीच्या दारावरून जाईनाशी झाली. पाण्याला लांबच्या बोरिंगवर जायची.

चौथ्या दिवशी पेंटर उठला आणि सरळ सोमाजीच्या अंगणात गेला. मी मागोमाग. सोमाजी खाटेवर बसला होता. माझे खाकी कपडे पाहून तो त्याच त्या आवाजात सांगायला लागला, कुठे सापडली, किती दूर ओढत नेली. पंचनाम्यापासून त्याने ते इतक्या जणांना सांगितलं होतं, की पाठ झालं होतं. पेंटरने हात वर केला.

"ते नोको सांगू भाऊ. चाय कशी करे ती?"

सोमाजीचं पाठांतर तुटलं. मग म्हणाला, "गोड. लय गोड. मले साखरंची बिमारी हाय, तरी गोडच. म्हने, फिकी चाय मयतीच्या घरी पेतेत."

"अन् तू पे?"

"पेवाच लागे ना जी. समोर उभी राहे."

त्यानंतर तो दोन तास बोलत होता. फुलाबाईचा कोंबडा अंगणात आला की सयाबाई झाडू घेऊन त्याच्यामागे कशी धावायची, कोंबडा कसा दर वेळी छपरावर चढायचा आणि ती खालून त्याला माणसाला द्याव्या तशा शिव्या कशा द्यायची. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "सारे तिचं मरनच इचारतेत. चाळीस वर्सं माह्यासंग जगली, ते कोनी इचारतच नाई."

मी पेंटरकडे पाहिलं. हा माणूस मयतीलाही गंमत करायचा. त्या वेळी त्याने काही केली नाही. उठताना फक्त एक विचारलं, "त्या दिवशी घरून निंघाली, तवा तू जागा होता?"

"होतो."

"काय आयकू आलं?"

सोमाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "फुलानं हाक मारली. थांब व, मी बी येतो, म्हने. मी आयकली. हे नाई थांबली."

"मंग गावात काऊन नाई सांगतलं?"

"मले कोन्या तरी एकावर राग धराचा होता जी," सोमाजी म्हणाला. "वाघावर किती धरू?"

पुढच्या पाच दिवसांत भिंतीवर आठ डब्बे उभे राहिले. पहिल्यात सयाबाई कमरेवर हात ठेवून उभी आणि सोमाजी तोंड वेडंवाकडं करत चहा पितोय. दुसऱ्यात छपरावर कोंबडा, खाली झाडू. तिसऱ्यात पहाट, तिच्या डोक्यावर टोपली. चौथ्यात शेजारचं दार अर्धं उघडं, फुलाबाई पदर खोचत बाहेर येतेय आणि फुगा, 'थांब व, मी बी येतो.' पाचव्यात वाटेवर सयाबाईची पाठ, 'ये मांगून. फुलं ढोरं खाऊन टाकतीन.' सहाव्यात मोहाचं झाड, खाली पिवळीधम्म जमीन, ती वाकलेली, आणि मागे गवत. नुसतं गवत. सातव्यात फुलांनी भरलेली टोपली, सरळ ठेवलेली, जवळ कोणी नाही. आठव्यात सोमाजी आणि चुलीपुढे एक कप. त्याच्या तोंडाजवळ फुगा होता. फुग्यात काही लिहिलेलं नव्हतं.

गाव भिंतीसमोर जमलं. पहिल्या दोन डब्ब्यांपाशी बाया इतक्या हसल्या, की एकीला ठसका लागला. तसंच हसत त्या पुढे सरकल्या आणि सहाव्यापाशी आवाज बंद झाला. फुलाबाई त्यांच्यात नव्हती.

साहेब जीप घेऊन आले. त्यांनी उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे असं दोनदा पाहिलं. "वाघ कुठे आहे?"

"सहा अन् सातच्या मधात," पेंटर म्हणाला.

साहेब जवळ गेले. "इथे तर पांढरा पट्टा आहे."

"हो जी. तिथीच हाय."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पट्टा मीच मारला आहे. "लोकांना भीती बसली पाहिजे. मोठा वाघ काढा, रक्त काढा. आणि ती कलमं कुठे गेली? जमत नसेल तर सरळ चुना मारून घ्या. मला परवापर्यंत भिंत पांढरी किंवा वाघ, दोन्हीपैकी एक पाहिजे." मग जीपमध्ये बसताना म्हणाले, "कोंबडा मात्र चांगला आलाय."

मी पेंटरला विनवलं. एक वाघ काढ, छोटा काढ, कोपऱ्यात काढ. त्याने ब्रश धुता धुता सोमाजीच्या घराकडे मान वळवली. "त्या घरचं दार भिंतीकडंच उघडते, गारडबाई. रोज सकाळी दार उघडून त्यानं तोच पाहाचा काय?" मग तो म्हणाला, "मारा तुम्ही चुना. नोकरी तुमची हाय. माहं काय, मी तं पडदे रंगवनारा. दर नाटकाले पडदा बदलतेच."

मी चुना मारला नाही असं सांगायला मला आवडलं असतं. खरं असं, की मी चुना भिजवला. परिविक्षेतली नोकरी होती, घरी आई-वडिलांनी पेढे वाटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बादली आणि कुंचला घेऊन मी भिंतीसमोर गेले, तर चौथ्या डब्ब्याखाली फुलाबाई बसलेली. मांडी घालून, भिंतीला पाठ लावून.

"उठा ना बाई," मी म्हटलं. "आदेश आहे."

"मी हाक मारली होती," ती म्हणाली. "पाह्य, लिवून हाय. वर्सभर बोंबलून राह्यली, कोनी खरं मानलं नाई. आता भिंत म्हनून राह्यली. हे पुसाची असन, तं आंधी माह्यावर चुना टाक."

गडबड ऐकून सोमाजी दारात आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच असावं. तो म्हणाला, "आयकली होती व मी. तवाच आयकली होती." फुलाबाईने त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. किती वेळ घातल्या सांगता येणार नाही. तो उभा राहून ऐकत होता, आणि शिव्या संपल्यावर म्हणाला, "चाय मांडू?" ती म्हणाली, "मांड. फिकी नोको मांडू."

मी बादली उचलून क्वार्टरवर नेली आणि अहवाल लिहिला, 'स्थानिक महिला भिंतीलगत बसून असल्याने काम प्रलंबित.' हे खोटं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस कोणी ना कोणी बसलेलं असायचंच, निदान अहवालाच्या वेळेला तरी.

हंगाम आला. पहाटे बाया घोळक्याने निघायला लागल्या. एखादी पुढे गेली की मागून ओरडायच्या, "थांब व!" आणि पुढची खरंच थांबायची, निमूटपणे, बाकीच्या येईपर्यंत. त्या वर्षी आमच्या गावातलं कोणी गेलं नाही. भिंतीमुळे, की वाघ तेव्हा दुसऱ्या बाजूला होता म्हणून, मला सांगता येणार नाही. पेंटर म्हणाला, "त्यानं बी वाचलं असन."

मग वरचे एक मोठे साहेब दौऱ्यावर आले आणि भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. आमच्या साहेबांनी पुढे होऊन त्यांना पांढरा पट्टा समजावून सांगितला. वाघ मुद्दाम दाखवलेला नाही सर, ती संकल्पना आहे सर. पेंटर माझ्या शेजारी उभा होता. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "शेपटी कोनाकडं गेली पाह्यलं?" मला हसू आवरलं नाही आणि ते माझ्या गोपनीय अहवालात गेलं, असा माझा समज आहे.

तीन वर्षांनी माझी बदली गडचिरोलीकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, पण तो ऑपरेशन करून घ्यायला तयार नव्हता. "सारं साफ दिसलं, तं आपलेच जुने चित्रं पाहावे लागतीन," म्हणायचा. मी म्हटलं, माझं एक चित्र काढून द्या. मला वाटलं, जंगलात उभी असलेली रुबाबदार वनरक्षक मिळेल. त्याने पुठ्ठ्यावर एकच डब्बा काढला. त्यात खाकी कपड्यातली एक घाबरट पोरगी चुन्याची बादली घेऊन उभी आहे आणि फुग्यात लिहिलंय, 'आदेश हाय जी.' मी रागावले. तो म्हणाला, "रागावू नोका. याच्या पुढचा डब्बा तुम्हीच काढला होता. मले माहीत हाय."

ते चित्र मी ऑफिसच्या टेबलासमोर लावलं आहे. लोक विचारतात, मी हसून टाळते. पण वरून एखादा मनाला न पटणारा कागद सहीसाठी येतो, तेव्हा त्या पोरीकडे एकदा बघून घेते. दोन वेळा तिच्यामुळे मी सही केलेली नाही.

पेंटर गेला ते मला दहा दिवसांनी कळलं. हिवाळा होता, झोपेत गेला, फार त्रास झाला नाही म्हणे. मला पुष्कळ रडायला येईल असं वाटलं होतं. पण फोन करणाऱ्याने सांगितलं, की त्याची तिरडी उचलताना गावात वाद झाला, फोटो फ्लेक्सवर छापायचा की नाही यावर, आणि शेवटी नाही असं ठरलं. मी फोनवरच हसायला लागले आणि मग रडायला आलं.

फाल्गुनात मी त्या गावाला गेले. इतक्या वर्षांच्या पावसाने भिंतीचे पोपडे निघाले होते, कोंबड्याचा नुसता तुरा उरला होता. पण पहिल्या डब्ब्यासमोर स्टुलावर सोमाजी उभा होता, हातात ब्रश. सयाबाईच्या चेहऱ्यावर तो रंग चढवत होता. चेहरा पार बिघडला होता. एक डोळा वर, एक खाली, आणि कमरेवरचा हात पाठीतून निघाल्यासारखा.

मला पाहून तो ओशाळला. "मले चित्र येत नाई जी."

"मग कोणाकडून तरी करून घ्यायचं ना भाऊ. मूलला पेंटर आहेत."

"ते काढतीन चांगलं," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला. "पन त्याइनं तिले पाह्यलं नाई ना."

पलीकडच्या दारातून फुलाबाई ओरडली, "नाक मोठं झालं ना तिचं! इतकं नव्हतं!"

सोमाजीने ब्रश थांबवला, स्टुलावरून उतरून बराच वेळ नाकाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "होतं."